सुईच्या आधीच रडणारं बाळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, आजकालच्या मुलांना सहनशक्तीच उरली नाही अशा अर्थाचा. आमच्या काळी आम्ही अनवाणी शाळेत जायचो, मास्तरांचा मार खायचो आणि हूं की चूं करत नव्हतो वगैरे. लेख छापला म्हणून माझी काही तक्रार नाही, पण झालं असं की आमच्या दाजींनी त्या लेखाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं 'वाचा आणि सुधारा', आणि ते कोणाला उद्देशून आहे हे ग्रुपवरच्या सगळ्यांना बरोबर कळलं. माझ्या भाचीला. त्यांच्याच मुलीला.

भाची एमएस्सी झालीय, आता नोकरीच्या परीक्षा देतेय. परीक्षेची तारीख आली की तिचं पोट दुखायला लागतं, आणि दुखतं म्हणजे खरंच दुखतं, घडी करून पडते. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त-लघवी सगळं झालं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. रक्त द्यायला हात पुढे केला की बोटं गार पडतात, दार धाडकन आपटलं तर दचकून उठते, शेजारणीने सहज पाठीवर थाप मारली तरी कळवळते. घरात तिला नाजूकराणी म्हणतात. दाजी नाटकी म्हणतात. ग्रुपवर तो लेख आल्यावर तिने एक अंगठा टाकला आणि गप्प बसली. तो अंगठा बघून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं कापू नका.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, त्यातली १९ वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढली. आता रिटायर आहे. भाची सातमाशी आहे, २००३ चा जन्म, वजन १२०० ग्रॅम. माझ्या दवाखान्यात नव्हती, दुसऱ्या गावी एका खासगी हॉस्पिटलमध्ये होती, ४६ दिवस काचेच्या पेटीत. ताईला दिवसातून एकदा काचेतून बघायला मिळायचं. दाजींनी कर्ज काढून बिल भरलं, त्यांच्यावर मी काय बोलणार, त्या माणसाने त्या ४६ दिवसांत काय सोसलं ते मी बघितलंय. पण त्या ४६ दिवसांत पोरीने काय सोसलं हे मात्र घरात कोणी विचारलं नाही, कारण 'एवढ्याशा जिवाला काय कळतंय' हे आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ असतं. मलाही होतं. नर्स असून.

आता काचेच्या आत काय चालतं ते सांगते. शुगर बघायची म्हणून टाच टोचायची. काविळीचं प्रमाण बघायचं म्हणून परत टाच. सलाईनची सुई लागत नाही, केसाएवढ्या शिरा असतात, मग एक हात, दुसरा हात, पाय, शेवटी डोक्यावरची शीर. दुधासाठी नाकातोंडातून नळी. श्वासाची नळी असेल तर तिच्यातला कफ ओढायला सक्शन. आणि ज्याचा कोणी हिशेबच धरत नाही ती चिकटपट्टी, कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की पट्टी काढताना वरचा पापुद्रा बरोबर येतो. पॅरिस आणि आसपासच्या हॉस्पिटल्समध्ये ४३० बाळांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात मोजलं तर दिवसाला साधारण १० दुखणाऱ्या गोष्टी एका बाळावर होत होत्या आणि त्यातल्या ७९ टक्के वेळा त्या दुखण्यासाठी म्हणून खास काहीच दिलेलं नव्हतं. हे पॅरिसचं. आमच्या वॉर्डात कोणी मोजलं असतं तर काय निघालं असतं ते मी सांगत नाही.

आणि एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय, शंभरदा बघितलीय. टाच टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा लावायचा असतो. पहिल्या दिवशी बाळाला बोळ्याचं काही वाटत नाही, गार लागतं म्हणून जरा हलतं. पाचव्या-सहाव्या दिवशी नुसता बोळा लावला तरी पाय ओढून घेतं, कपाळाला आठ्या पडतात, तोंड वाकडं होतं. सुई अजून ट्रेमध्येच असते. आम्ही हसायचो, 'हुशार झालंय हो बाळ' म्हणायचो. हसायचो आणि पाय धरून टोचायचो, कारण पुढची सात बाळं वाट बघत असायची आणि नाईटला आम्ही दोघीच.

ह्या हुशारीवर टोरांटोमध्ये रीतसर अभ्यास झालाय हे मला फार उशिरा कळलं, एका ट्रेनिंगमध्ये. अ‍ॅना टॅडिओ म्हणून बाई आहेत, त्यांच्या टीमचा, २००२ चा. ज्या आयांना डायबेटिस असतो त्यांच्या बाळांची शुगर पहिल्या दिवशी सारखी बघावी लागते, म्हणून टाच सारखी टोचली जाते. अशी २१ बाळं घेतली आणि २१ साधी, आणि नंतर सगळ्यांचं हाताच्या शिरेतून रक्त काढलं. सारखी टोचलेली बाळं नुसता हात पुसायला घेतला तरीच तोंड वेडंवाकडं करायला लागली, आणि सुई टोचल्यावर त्यांना दुखलंही जास्त. बघा, टोचली होती टाच, आणि घाबरली हात पुसल्यावर. दीड दिवसाच्या आत. म्हणजे भीती आणि दुखणं ह्या दोन गोष्टी किती लवकर एकात एक गुंफल्या जातात बघा. मोठेपणी मग आपण त्यांना वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पाठवतो, पोटाला एक आणि मनाला एक. आणि ह्याच बाईंच्या टीमने आधी १९९७ मध्ये दाखवलं होतं की जन्मल्याबरोबर भूल न देता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना बाकीच्या मुलांपेक्षा जास्त रडतात, आणि ज्यांना आधी बधिर करायचं मलम लावलं होतं ती मधे बसतात. चार-सहा महिने! बाळ विसरतं म्हणणाऱ्यांनी ह्याचं काय करायचं ते सांगावं.

आता तुम्ही म्हणाल डॉक्टर लोकांना हे कळत नव्हतं का. नव्हतं. १९८० च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेत मोठमोठ्या हॉस्पिटलमध्ये कमी दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं नीट भूल न देता व्हायची. हलू नये म्हणून स्नायू ढिले करायचं औषध द्यायचे, थोडा गॅस द्यायचे, बास. कारण काय तर बाळाच्या नसांवरचं आवरण पुरतं तयार नसतं म्हणून दुखत नसणार, आणि दुखलं तरी लक्षात राहणार नाही, आणि भुलीच्या औषधानेच मरेल ही भीती. शेवटची भीती तरी खरी होती. पण आवरणाचं म्हणाल तर आपल्या मोठ्यांच्या अंगातलं ठणकणारं दुखणं ज्या बारीक नसांतून जातं त्यांच्यावरही आवरण नसतंच.

हे ज्यांनी बदललं ते डॉक्टर आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले, कंवलजित आनंद. त्यांच्या लक्षात आलं की बाळं ऑपरेशनला जाताना बरी असतात आणि परत येताना पांढरीफटक, नाडी धावतेय अशी येतात. मग त्यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन होणारी बाळं घेतली, काहींना नेहमीसारखाच गॅस दिला, काहींना त्याबरोबर फेंटानिल म्हणजे दुखणं मारणारं चांगलं औषध दिलं, आणि रक्तातले स्ट्रेसचे हार्मोन मोजले. बाळं फक्त १६. पण फरक इतका स्वच्छ होता, औषध न मिळालेल्यांचे हार्मोन कुठच्या कुठे चढलेले आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त, की १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगून टाकलं की लहान आहे म्हणून भूल नाकारायची नाही. १९८७ म्हणजे मी बारावीत होते. इतकं अलीकडचं आहे हे.

लंडनच्या मारिया फिट्झगेराल्ड ह्यांचं काम तर मला फार जवळचं वाटतं कारण त्यांनी आमच्यासारखी टाचच बघितली. वॉर्डातल्या कमी दिवसांच्या बाळाची एक टाच रोज टोचलेली, दुसरी नाही. मग दोन्ही टाचांना बारीक तार टेकवून बघितलं, केवढ्या दाबाला बाळ पाय ओढतं. टोचलेल्या टाचेला अगदी हलकी तार पुरायची. आणि बधिर करायचं मलम रोज लावलं तर टाच परत दुसऱ्या पायासारखी व्हायची. हे १९८९ चं. मला वाचून इतकं वाईट वाटलं, कारण ही तुलना मलाही करता आली असती, दोन पाय माझ्याही समोर होते.

का होतं असं, तर माझ्या भाषेत सांगते. दुखणं वर मेंदूकडे नेणारी लाईन बाळ सहा-सात महिन्यांचं पोटात असतानाच चालू होते. पण मेंदूकडून खाली येऊन ते दुखणं दाबणारी जी लाईन आहे, म्हणजे आपल्याला लागलं तर आपण हात चोळतो, दुसरीकडे लक्ष देतो आणि कमी होतं ना, ती लाईन जन्मानंतर हळूहळू बसत जाते. म्हणजे गाडीला अ‍ॅक्सिलरेटर आधी बसवलाय आणि ब्रेक नंतर येणार आहे. ह्या मधल्या काळात जर कोणी सारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं तर पुढे तो ब्रेकही वेडावाकडा बसतो. आणि स्ट्रेसचं तसंच, मेंदूतून पिच्युटरीला, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीला निरोप, पिच्युटरीतून किडनीवरच्या ग्रंथीला निरोप, मग कॉर्टिसोल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन. ज्या वस्तीवर एकदा चोर शिरलेत तिथलं कुत्रं पुढे पान पडलं तरी भुंकतं, त्याला आपण भित्रं म्हणतो, खरं तर ते जास्तच ड्युटी करत असतं.

आता मूळ लेखाचा मुद्दा, की थोडं सोसल्याशिवाय माणूस कणखर होत नाही. ह्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. सेमूर लेव्हिन म्हणून अमेरिकन संशोधक होते, १९५० च्या दशकात त्यांनी उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाला रोज थोडा वेळ, पंधरा मिनिटं धरा, आईपासून बाजूला काढायचं, हाताळायचं आणि परत ठेवायचं. ही पिल्लं बिघडतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटं, मोठी झाल्यावर ती जास्त धीट निघाली. म्हणजे लेखकाचं म्हणणं खरं ठरलं की! पण नंतरच्या लोकांनी हेच तीन तास करून बघितलं, जन्मापासून पहिले दोन आठवडे, रोज तीन तास आई नाही. ही पिल्लं मोठी झाल्यावर घाबरट निघाली, आणि पोट जरा फुगवलं तरी त्यांना साध्या उंदरांपेक्षा जास्त दुखायचं. पोट. मी इथे दोनदा थांबले होते वाचताना.

पंधरा मिनिटं आणि तीन तास ह्यात फरक नुसत्या वेळेचा वाटतो, पण पंधरा मिनिटांनी पिल्लू परत आलं की आई त्याला नेहमीपेक्षा जास्त चाटते. माँट्रियलच्या मायकेल मीनी ह्यांच्या टीमने पुढे हेच धरून काम केलं, ज्या आया पिल्लांना जास्त चाटतात त्यांची पिल्लं मोठेपणी कमी घाबरतात आणि त्यांचं स्ट्रेसचं हार्मोन लवकर खाली येतं. रक्ताचा गुण असेल म्हणाल तर कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीकडे दिली, तीही शांत निघाली. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या चाटण्याची खूण पिल्लाच्या मेंदूत जनुकावर बसते, कोणतं जनुक किती वाजायचं ते ठरवते. लेखक महाशय मास्तरांचा मार खाऊन घरी आले तेव्हा घरी कोणीतरी पाठीला तेल लावलं असणार, ते लेखात राहून गेलं एवढंच.

आता माझ्या वॉर्डातली गोष्ट. कारखान्याचा सीझन होता, जानेवारी, कडाक्याची थंडी. बीडकडची एक ऊसतोडवाली बाई आणली, फडातच कळा सुरू झालेल्या, आठवा लागला होता नुकता. मुलगी, १३५० ग्रॅम. आमचे वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारी टेबलं, भरलेले, एकेकावर दोन-दोन बाळं आडवी. डॉक्टर म्हणाले जागा होईपर्यंत आईच्या छातीवर द्या. आम्ही बाळ उघडं करून, नुसती टोपी आणि लंगोट ठेवून तिच्या छातीवर उभं धरलं आणि वरून तिच्याच लुगड्याने बांधलं. रात्री दोनला शुगर बघायची होती. बाळ सोडवायचं, टेबलावर न्यायचं, परत बांधायचं एवढा जीव माझ्यात नव्हता, खरं सांगते, कंटाळा केला, म्हटलं आहे तसंच टोचू. लुगड्यातून एवढीशी टाच बाहेर काढली. ती बाई अर्धवट झोपेत होती, डोळे न उघडताच मला म्हणाली, 'बाई, सांगून टोचा तिला, लेकरू दचकतंय.' मी काय सांगणार त्या बाळाला, मी आपलं म्हटलं, 'टोचते हं बाळा.' बोळा लावला, टोचलं. बाळाने तोंड वाकडं केलं, बारीक कण्हल्यासारखं केलं आणि दोन-चार श्वासांत परत झोपलं. पलीकडे वॉर्मरवर त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरने टोचलेलं बाळ पाच मिनिटं लालभडक होऊन रडत होतं.

त्या रात्री मला कोणी अभ्यास सांगितला असता तरी पटला नसता इतकं ते पटलं. नंतर कळलं की छातीवर धरायची ही पद्धत मुळात अशाच नडीतून आलीय, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली, पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून एडगर रे ह्या डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं. कांगारू पद्धत म्हणतात. इस्राएलच्या रूथ फेल्डमन ह्यांनी कांगारू मिळालेली आणि न मिळालेली कमी दिवसांची मुलं दहा वर्षांची होईपर्यंत बघितली, तेव्हा कांगारूवाल्यांची झोप चांगली होती आणि स्ट्रेसला त्यांचं अंग कमी उसळत होतं. दहा वर्षांनी! आणि खर्च किती, तर लुगडं. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने घरच्यांना नवजात वॉर्डात आत घ्या, त्यांना शिकवा, असं मार्गदर्शक पुस्तकच काढलं. पण गावोगाव आजही 'बाहेर थांबा' चालूच आहे, इन्फेक्शन होईल म्हणून. हात धुवायला शिकवलं की आयाही धुतात, आमच्यापेक्षा नीट धुतात.

साखरपाण्याचंही सांगते कारण हल्ली बऱ्याच ठिकाणी टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर साखरेचे किंवा ग्लुकोजचे दोन थेंब देतात. चांगलं आहे, रडणं कमी होतं, मीही दिलंय. पण २०१० मध्ये इंग्लंडमधल्या एका टीमने बाळांच्या डोक्याला तारा लावून बघितलं तर साखरेने चेहरा शांत होतो, मेंदूतली दुखण्याची नोंद मात्र होती तेवढीच राहते. त्यामुळे थेंब द्या, पण थेंब दिले म्हणजे झालं असं समजू नका. आणि हे घरी कोणी करू नका, वॉर्डातलं आहे, घरी सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काही नाही, गूळपाणी, मध, घुटी काही नाही.

मेळघाटातल्या डंब्याची बातमी तुमच्या पेपरात अधूनमधून येते, पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देतात ते. बातमी आली की आम्ही सगळे हळहळतो, अडाणी म्हणतो. अघोरी आहेच ते, त्याला माफी नाही. पण त्या आजीलाही बाळ वाचवायचंच असतं आणि तिलाही वाटत असतं की बाळाला काय कळतंय, लक्षात थोडीच राहतंय. मग एसी वॉर्डात पांढऱ्या कपड्यात उभी राहून मीही तेच म्हणत होते. फरक एवढाच की माझ्या टोचण्याने बाळ वाचत होतं. मोठा फरक आहे, मान्य. पण 'काय कळतंय' हे वाक्य तेच होतं.

हे वाचून कोणा सातमाशीच्या आईने घाबरू नये म्हणून एक लिहिते. भाचीचं पोट त्या ४६ दिवसांमुळेच दुखतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. एका माणसाचं असं कारण काढता येत नाही. कमी दिवसांची कितीतरी बाळं पुढे ठणठणीत होतात, माझ्या वॉर्डातलं एक पोरगं आता पोलिसात आहे. आणि दुखण्याचं गणितही सरळ नाही, इंग्लंडमध्ये २६ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुलं अकरा वर्षांची झाल्यावर तपासली तर गरम-गार त्यांना उलट कमीच जाणवत होतं, म्हणजे काही जणांची कातडी बोथट होते आणि काहींची हळवी. मी एवढंच म्हणतेय की रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असं होत नाही.

आणि हे फक्त पेटीतल्या बाळांचंही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली मार्चच्या एका आठवड्यात जन्मलेली मुलं अजूनही बघतात, ती ४५ ची झाली तेव्हा दिसलं की लहानपणी ज्यांची आई गेली, जी अनाथालयात राहिली, ज्यांच्या घरात पैशाची फार ओढाताण होती, त्यांच्यात सगळं अंग दुखण्याचं प्रमाण जास्त. अमेरिकेत सॅन डिएगोला साडेनऊ हजार लोकांना लहानपणीचा मार, घरातली दारू, आईला होणारी मारहाण असलं विचारलं, १९९८ मध्ये ते छापून आलं, जितकं जास्त भोगलेलं तितके मोठेपणीचे आजार जास्त. अशी माणसं आपल्या ओळखीत आहेतच, ओपीडीच्या बाकावर 'सगळं अंगच दुखतंय हो' म्हणणाऱ्या बायका आठवा, ज्यांना आम्ही बी-कॉम्प्लेक्स देऊन पाठवायचो आणि मागून हसायचो. तिला कोणी विचारलं का की सोळाव्या वर्षी लग्न करून आणल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं.

पण दार बंद होत नाही, हेही तितकंच. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात हजारो मुलं अनाथालयात पडली होती, २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर काम सुरू झालं, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चांगली पालक कुटुंबं दिली. साडेचार वर्षांची झाल्यावर बघितलं तर कुटुंबात गेलेल्यांमध्ये चिंता आणि उदासीचे आजार कमी होते. जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं बऱ्याच बाबतींत जास्त भलं झालं, म्हणजे लवकर केलेलं बरं, पण उशिरा केलेलंही वाया जात नाही असं मला तरी वाटतं. भाचीला मी एका फिजिओथेरपिस्टकडे आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलंय, दाजींना न सांगता. आता हे वाचून कळेल.

लसीचं तेवढं लिहून थांबते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला बाळाला सुया असतात, उपकेंद्रात नाहीतर अंगणवाडीत. तिथे बाळाला टेबलावर आडवं पाडून हातपाय दाबून धरू नका. मांडीवर घ्या, अंगावर पाजायला लावा आणि पाजता पाजताच द्यायला सांगा. जी सुई जास्त दुखते ती शेवटी द्यायची. हे माझ्या मनाचं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय. सिस्टर रागावली तर रागावू दे, तिच्यापुढे चाळीस बाळं असतात, मला माहितीय, पण मांडीवरचं बाळ लवकर शांत होतं आणि रांग उलट पटपट सरकते, हे तिला माझ्या नावाने सांगा. आणि बाळाला सांगून टोचा. हसू नका.

तुम्हाला एकच विनंती, हे पत्र छापणार असाल तर कृपा करून मधल्या दिवशी पत्रव्यवहारात छापू नका, रविवारच्या पुरवणीतच छापा, तो लेख आला होता त्याच पानावर. आमचे दाजी बाकीचा पेपर वाचत नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सांगली जिल्हा